सीएनसीवर पहिला रोबोट बसवताय? आधी जॉबकडं बघा

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही कारखान्यात जावा, रात्रपाळीला माणूस मिळत नाही हेच ऐकू येतंय, आणि मग कुठल्यातरी प्रदर्शनात सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) जॉब, म्हणजे कापायचा भाग, चढवणारा-उतरवणारा रोबोटचा हात सरसर फिरताना बघितला की वाटतं घेऊनच टाकावा. घ्या, जरूर घ्या, पण आधी आठवडाभर घड्याळ घेऊन मशीनजवळ उभं राहा. सायकल, म्हणजे एक जॉब व्हायला लागणारा वेळ, किती, जॉब काढून दुसरा लावायला किती सेकंद, मशीन रिकामं किती वेळ थांबतंय, सगळ्या पाळ्यांचं वहीत लिहा. एकच जॉब महिनोन्महिने चालतो तेच मशीन निवडा, रोज सेटिंग बदलणारं पहिल्यांदा नको.

आता मेन गोष्ट. कॅमेरा लावला नसेल तर रोबोट आंधळाच, शिकवलेल्या जागीच हात नेणार. आपलं काम कास्टिंगचं, पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथं, थोडं फिन (धातूची जादा पातळ कड) राहतंच, माणूस बोटानं चाचपून जॉब फिरवून बसवतो, रोबोट आहे तसा चकमध्ये (मशीनची जॉब धरणारी पकड) घालतो. आमच्याकडं पहिल्याच आठवड्यात जॉब वाकडा बसला आणि इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) फुटला. मग फेटलिंगवर, म्हणजे कास्टिंगचं फिन घासून काढण्यावर, लक्ष दिलं, पिनांवर नेमका बसेल असा ट्रे केला, आणि दर जॉबनंतर चकवर एअर मारायचं प्रोग्राममध्येच टाकलं, कारण चिपचा एक तुकडा अडकला तरी साइज गेली.

वजनात पण लोक फसतात. १० किलोचा कोबॉट (माणसाशेजारी काम करायला बनवलेला रोबोट) म्हणजे १० किलोचा जॉब नव्हे, ग्रिपर, म्हणजे जॉब पकडणारा पंजा, त्यातच धरायचा. दोन जॉब एकदम धरणाऱ्या डबल ग्रिपरमध्ये कच्चा जॉब ४ किलो, तयार ३.५, ग्रिपर ३, म्हणजे झाले की साडेदहा!

कोटेशनमध्ये नुसता हात बघू नका. ग्रिपर, ट्रे, मशीनचा ऑटो डोअर, सीएनसीशी सिग्नलची जोडणी, ट्रेनिंग, सगळं लिहून घ्या. कोबॉटला कुंपण लागत नाही असं सांगतील, पण त्याच्या हातात धारदार जॉब असला तर माणसाला लागणारच, त्यामुळं रोबोटच्या सुरक्षेचं मानक आयएसओ १०२१८ प्रमाणं धोक्याची तपासणी करूनच ठरवा.

आणि टीच पेंडंट (रोबोटला हालचाली शिकवायचा हातातला कंट्रोल) त्याच मशीनच्या जुन्या ऑपरेटरच्या हातात द्या. कुठला जॉब कुठं अडतो हे त्यालाच माहीत असतंय, नोकरी जाणार नाही हे त्याला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगा आणि तो शब्द पाळा.

रोबोटवाल्याकडं ट्रायलला जाताना ५० कास्टिंग स्वतः घेऊन जावा. निवडून चांगली नकोत, ढिगातली येतील तशी.