लोखंडाला हात लावू नका : सेमी-ऑटो घेऊन ट्रॅपला उतरणाऱ्यांसाठी

ट्रॅप किंवा स्कीटला, म्हणजे उडत्या चकत्यांवर शॉटगनने नेम मारण्याच्या खेळाला, सेमी-ऑटो (दुसरं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) घेऊन उभे राहिलात की पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला : ही विका आणि ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) घ्या. दुसरा : अमक्या मिस्त्रीकडे जा, तो नळीतली गॅसची भोकं मोठी करून देतो, मग कुठलंही काडतूस चालतं. जवळ पैसे असतील तर पहिला सल्ला वाईट नाही. मोठ्या स्पर्धांत बहुतेक जण ओव्हर-अंडरच वापरतात, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. दुसरा सल्ला मात्र ऐकू नका. पाडलेलं भोक परत बुजवता येत नाही.

इंदूरला शॉटगन शिकणाऱ्याची खरी अडचण ही की विचारायला माणसं कमी. इंदूरजवळच्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेल्या विजय कुमारने २०१२ला लंडनमध्ये पिस्तुलात रौप्य मिळवलं. त्यामुळे आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे पिस्तूल किंवा एअर रायफल येते. शॉटगनसाठी नजर भोपाळकडे वळते. तिथल्या गोरा गावची मनीषा कीर २०१८च्या जागतिक स्पर्धेत ज्युनिअर ट्रॅपचं रौप्य घेऊन आली, हे इथल्या किती मुलींना माहीत आहे कोण जाणे. मीही बसने भोपाळला जाऊन शिकले. आठवड्यातून एकदा रेंज आणि मधले सहा दिवस एकटीच डोकं खाजवत बसायचं. अशा एकटेपणात चुकीचे सल्ले लवकर पटतात, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

मला ज्याने सर्वांत जास्त दमवलं त्या बिघाडाबद्दल आधी सांगते. ट्रॅपच्या प्राथमिक फेऱ्यांत एका चकतीवर दोन बार काढता येतात. माझी बंदूक पहिला बार नीट काढायची आणि दुसऱ्याला रुसायची. कधी रिकामी पुंगळी तोंडाशीच अडकायची. कधी ट्रिगर दाबला की नुसता ‘टक’ आवाज यायचा, आणि काडतूस काढून पाहिलं तर टोपीवर (तळाशी जिथे बंदुकीची पिन आपटते तिथे) पुसटसा खळगा. रेंजवरच्या प्रत्येकाचं निदान वेगळं होतं. काडतूस हलकं आहे, पिस्टन घाण आहे, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) गेलाय, खांदा ढिला धरतेस. गंमत म्हणजे प्रत्येकाच्या उपायाने थोडा फरक पडायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

इथे जरा सावकाश वाचा. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत बार उडाला की नळीतला थोडा वायू बारीक भोकांतून पिस्टनवर येतो. पिस्टन बोल्टला, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे ढकलतो आणि पुंगळी बाहेर पडते. मग एक स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते आणि दुसरं काडतूस घरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या जागेत, बसतं. आंतरराष्ट्रीय नियमांत ट्रॅप आणि स्कीटच्या काडतुसात २४ ग्रॅमच शिसं चालतं. २८ किंवा ३२ ग्रॅमवर मस्त चालणारी बंदूक २४वर कुरकुरते, कारण ढकलायला जोरच कमी मिळतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं.

ठाऊक नसतं ते हे की बऱ्याच मॉडेलमध्ये ती परत आणणारी स्प्रिंग पुढे नसतेच. ती बटाच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) आत, एका नळकांड्यात दडलेली असते. पुढचा भाग खोलून पिस्टन घासणं सगळ्यांना जमतं. बट कुणी उघडत नाही. आपल्याकडे बंदूक नळीत भरपूर तेल सोडून कपाटात नळी वर करून उभी ठेवायची पद्धत आहे. ते तेल हळूहळू खाली उतरतं, बोल्टमागून बटात शिरतं, धूळ आणि जळलेल्या बारुदाबरोबर तिथे साचतं आणि चिकट होतं. वर माळव्यातला पावसाळा. फोमच्या पेटीत बंद बंदूक ओल धरून ठेवते आणि स्प्रिंगला गंज चढतो. मग थंडीत सकाळी रेंजवर गेलात की तो चिकटा आणखी घट्ट झालेला असतो.

आता मला जो गुंता सोडवता आला नाही तो पाहा. चिकटलेलं नळकांडं बोल्टला दोन्ही बाजूंना अडवतं. मागे जाताना अडवलं की पुंगळी अडकते, आणि आपण म्हणतो काडतूस हलकं. पुढे येताना अडवलं की बोल्ट पूर्ण बंद होत नाही, पिनचा ठोका अर्धवट बसतो, आणि आपण म्हणतो पिन झिजली. रोग एक आणि लक्षणं दोन असल्यामुळे माणूस दोन वेगवेगळ्या वाटांनी फिरत राहतो. पिस्टन घासला की थोडा जोर वाढतो, जड काडतूस घातलं की आणखी वाढतो, म्हणून प्रत्येक उपाय खरा वाटतो.

मला हे दाखवलं महूच्या एका निवृत्त आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या) काकांनी. त्यांनी माझा स्कोअर विचारला नाही. बंदूक रिकामी आहे ना हे स्वतः दोनदा पाहिलं, नळी छताकडे केली, बोल्ट मागे ओढला आणि हातात धरूनच हळूहळू पुढे सोडला. शेवटच्या बोटभर अंतरावर तो रेंगाळला. ‘बेटा, बीमारी पीछे है,’ एवढंच म्हणाले. बट उतरवल्यावर नळकांड्यातून काळा, डांबरासारखा चिकटा निघाला आणि स्प्रिंगवर लाल गंज. साफसफाई आणि नवी स्प्रिंग, बस्स. भोकांना कुणी हातही लावला नाही.

ही तपासणी तुम्हीही करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, घर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी असल्याची बोट घालून खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि मगच बोल्ट. बट मात्र पहिल्या वर्षी स्वतः उघडू नका. स्प्रिंग दाबलेली असते, सुटली तर डोळ्यावर येते. आणि काम परवानाधारक माणसाकडेच न्या. १९५९च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो आणि नळी परवानगीशिवाय आखूड करणं हा गुन्हा आहे. ‘आपला ओळखीचा लेथवाला आहे’ हे ऐकलं की उठून चालू लागा. भोकं मोठी केलेल्या बंदुकीत पुढे कधी जड काडतूस गेलं की बोल्ट मागच्या भागावर वाजवीपेक्षा जोरात आदळत राहतो आणि बंदूक आतून मरते. विकत घ्यायची बंदूक आपल्या परवान्यावर कोणत्या वर्गात बसते हेही घेण्याआधी शस्त्र शाखेत लेखी विचारा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

बाकीचे बिघाड साधे आहेत, घाबरू नका. घरात प्लास्टिकचा थर बसला की पुंगळी चिकटते. ब्रश आणि चिंधीने काम होतं. काही जुन्या मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ रेमिंग्टन ११००, गॅस अडवायला रबराची कडी असते. ती तडकली की बंदूक दुसरं काडतूस घेत नाही. एक कडी जास्तीची पिशवीत असू द्या. बेनेलीसारख्या इनर्शियावर, म्हणजे बंदुकीच्या मागे बसणाऱ्या धक्क्यावर (रिकॉइलवर), चालणाऱ्या बंदुकीत गॅस नसतोच, तिथे खांद्याचा आधार पक्का हवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. काडतूस आणि स्प्रिंग एकाच दिवशी बदललीत तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही. वहीत लिहा : कोणतं काडतूस, थंडी की ऊन, कितव्या बाराला काय झालं.

फेरफार करायची हौस असेल तर ती बटावर भागवा. नवख्याचे चुकलेले नेम बहुतेक वेळा बंदूक अंगाला न बसल्यामुळे असतात. बटाची लांबी, गालाखालची उंची, डावी-उजवीकडचा कल, हे सगळं पातळ पट्ट्या आणि रबरी पॅड लावून जमवता येतं, आणि आवडलं नाही तर काढताही येतं. १६ यार्डांवर मोठा कागद लावा, नेम न धरता बंदूक गालाला लावून लगेच बार काढा, असं चार-पाच वेळा करा. छर्रे मधोमध न बसता जितके इंच वर किंवा खाली बसतील, तितके सोळांश इंच गालाखालचा भाग बदलायचा. माझं तर मत आहे की पहिले सहा महिने चोकच्या (छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणाऱ्या, नळीच्या तोंडाशी बसवायच्या तुकड्याच्या) दुकानाकडे फिरकूच नये. लोक महागडे चोक घेतात आणि गाल दर वेळी वेगळ्या जागी ठेवतात. मात्र जो चोक आहे तो प्रत्येक फेरीआधी रिकाम्या बंदुकीत घट्ट आहे ना ते पाहा. सैल चोक नळीचं तोंड फाडू शकतो.

स्पर्धेत बिघाड झाला तर हात गोठवा. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. बार उडाला नाही की माणसाचा हात आपोआप बोल्टकडे किंवा सेफ्टीकडे जातो. जाऊ देऊ नका. नळी चकत्यांच्या दिशेला, बंदूक बंद, सेफ्टीला स्पर्श नाही, आणि रेफरी येऊन पाहीपर्यंत तसंच उभं राहायचं. तुम्ही आधीच उघडलीत तर बिघाड खरा असूनही तो मान्य होत नाही आणि चकती हातची जाते. यात आणखी एक कारण आहे : बारूद उशिरा पेटू शकते. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचा बार मुळीच काढू नका. डाट (काडतुसात बारूद आणि छर्ऱ्यांच्या मधला तुकडा) नळीत अडकलेला असू शकतो. रेफरीला सांगा, बंदूक रिकामी करून नळीतून उजेड दिसतो का पाहा.

सेमी-ऑटोला आंतरराष्ट्रीय नियमांत परवानगी आहे. मॅगझिनमध्ये एकाहून जास्त काडतूस मावणार नाही अशी ती बंद केलेली हवी. पंप-ॲक्शन चालत नाही, आणि बोट सोडल्यावर बार काढणारा ट्रिगरही चालत नाही. हे तपासणीच्या टेबलावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

गुरू निवडताना माझी एकच कसोटी. जो तुमचा स्कोअर ऐकण्याआधी बंदूक रिकामी आहे का हे पाहतो, त्याच्याकडे थांबा. जो पहिल्या भेटीत पार्ट विकायला काढतो, तो कितीही पदकांचा धनी असला तरी लांबून नमस्कार. मुलींना खास सांगते : ‘ताई, तुमच्याच्याने रिकॉइल झेपणार नाही’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. गॅसची सेमी-ऑटो खांद्याला सौम्य असते, आणि बट अंगाला बसली की १२५ चकत्यांचा सामनाही झेपतो. पहिल्या वर्षी स्कोअर वरखाली होणारच, त्यावरून बंदूक विकायला काढू नका.

पावसाळ्यासाठी : रेंजवरून आल्यावर बंदूक पेटीत ठेवू नका. पुसा, नळीत तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि एक रात्र जुन्या टॉवेलवर नळी खाली करून, कुलपाच्या कपाटात उभी ठेवा. जास्तीचं तेल टॉवेलवर उतरेल, बटात जाणार नाही. बटातली स्प्रिंग दरवर्षी नवरात्राच्या आधी मिस्त्रीकडून उघडून घ्या, म्हणजे थंडीच्या स्पर्धांना बंदूक तयार असते.