जुन्या शिडाच्या बोटीतली गॅली नव्याने करायची असेल तर

आमची बोट वेस्टर्ली सेंटॉर, 26 फुटी. इंग्लंडमध्ये 1969 ते 1980 या काळात अशा दोन हजारांच्या वर बांधल्या गेल्या, त्यामुळे अजूनही बरेच जण त्या जुन्या घेऊन दुरुस्त करत बसलेले असतात. फायबरचं अंग ठणठणीत असतं पण गॅली, म्हणजे आतलं स्वयंपाकघर, पार गेलेलं असतं, सनमायका सुटलेला, सिंकखालचं प्लाय काळं पडलेलं, आणि बहुतेक जण (आम्हीसुद्धा) आधी वरचा ओटा बदलायला घेतात कारण डोळ्यांना तोच दिसतो. तसं करू नका. आधी गॅस, मग पाणी, मग आइसबॉक्स (बर्फ घालून खाणं गार ठेवायची पेटी), आणि ओटा सगळ्यात शेवटी, नाहीतर नवीन ओटा परत उचकटावा लागतो.

तोडफोड सुरू करण्याआधी एक गोष्ट. 70 च्या दशकातल्या बोटींत शेगडीच्या मागे उष्णता अडवायला कधीकधी ॲस्बेस्टॉसचा पत्रा लावलेला असायचा. करड्या रंगाचा कडक पत्रा दिसला तर तो तोडू नका, ड्रिल तर अजिबात नको, आधी तुकडा तपासून घ्या. फायबर घासतानाही चांगला मास्क हवाच, ती धूळ फार वाईट.

आता गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, घरात गळला तर दार-खिडकी उघडली की निघून जातो, बोटीत तो खाली तळाशी जाऊन साठतो आणि मग इंजिनाच्या स्टार्टरची एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर केबिनपासून पूर्ण बंद असलेल्या वेगळ्या कप्प्यातच हवा, आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट बोटीबाहेर जाणारं भोक हवं, ते बुजलेलं नाही ना हे पाणी ओतून बघा. रबरी पाइपवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांहून जुना असेल तर विचार न करता बदला. शेगडी घेताना ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारीच घ्या, जुन्या शेगड्यांत ती सोय बहुतेक नसते. जोडणी जाणकार गॅसवाल्याकडूनच करून घ्या, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

शेगडी झुलती हवी, बोट कलली तरी ती सपाट राहते. पण झुलायला मागे-पुढे जागा लागते, ती दोन्ही बाजूंना 25-30 अंश कलवून मोजा आणि तेव्हा पाइप कुठे घासत नाही ना तेही बघा. आणि दुकानात जाताना आपला कुकर नि तवा बरोबर न्या, खरंच न्या. दोन बर्नरच्या बोटीच्या शेगडीवर तवा आणि कुकर शेजारी-शेजारी बसतीलच असं नाही, आणि शिट्टी वरच्या फळीला लागते. समुद्रावर कुकरसारखं भांडं नाही, झाकण पक्कं लागलेलं असतं, आडवा झाला तरी वरण बहुतेक आतच राहतं.

सिंकचं पाणी ज्या भोकातून बाहेर जातं तिथला सीकॉक, म्हणजे ते भोक बंद करायचा व्हॉल्व्ह, बोट पाण्याबाहेर असतानाच तपासायचा. साधा पितळी असेल तर खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त निघून जातं, वरून धड दिसतो पण खरवडलं की गुलाबीसर दिसतो, तो गेला समजा. ब्राँझ किंवा डीझेडआर (जस्त न सुटणारं पितळ) घ्या, पाइपला दोन-दोन क्लिप लावा आणि शेजारी, सीकॉक तुटला तर भोकात ठोकायला, मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. सिंक एका बाजूला असेल तर त्या बाजूला बोट कलली की समुद्राचं पाणी उलटं सिंकमध्ये चढू शकतं, म्हणून सीकॉकपर्यंत हात सहज पोचला पाहिजे, त्याच्यासमोर खण बांधून ठेवू नका. नळाला पायाचा पंप लावा, इलेक्ट्रिक पंपाने टाकी कधी संपते कळत नाही.

आइसबॉक्सच्या भिंतीतला जुना फोम बहुतेक पाणी पिऊन बसलेला असतो. तो काढून एक्सपीएसचे, म्हणजे पाणी न पिणाऱ्या कडक फोमच्या पत्र्याचे, दोन थर लावा, सांधे एकावर एक येऊ न देता, एकूण 75 ते 100 मिमी. ओतायचा फोम आम्ही टाळला, तो फुगताना भिंत वाकवतो. वितळलेलं पाणी जायच्या तळाच्या पाइपला बूच हवं, नाहीतर गार हवा सगळी तिथूनच खाली उतरते.

मग प्लाय, मरीनच, आणि कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात, कारण पाणी कडेतूनच शिरतं. स्पिरिट लेव्हल इथे उपयोगाची नाही, बोट चिखलात किंवा स्टँडवर जरा तिरकी उभी असते, म्हणून मापं आतल्या पार्टिशनवरून घ्या. बोटीत सरळ भिंत सापडत नाही, तेव्हा पुठ्ठ्याच्या पट्ट्या ग्लू गनने चिकटवून साचा करा आणि तो प्लायवर ठेवून कापा. आणि तयार कपाट जिन्याच्या तोंडातून आत जाईल का ते बांधण्याआधी मोजा, आम्हाला एक कपाट परत खोलून आत जोडावं लागलं, दोन दिवस गेले.

सनमायका शेवटी, मग कडेला चार-पाच सेंमी उंच पट्टी, भांडी घसरू नयेत म्हणून, पण कोपऱ्यात फट सोडा म्हणजे फडक्याने कचरा ओढून काढता येतो. शेगडीसमोर आडवा स्टीलचा दांडा घट्ट बोल्टने लावा, धक्का बसला की माणूस हाताला लागेल ते धरतो, ती शेगडी नको. फायर ब्लँकेट (आगीवर टाकून ती विझवायचं कापड) शेगडीच्या मागे नाही तर बाजूला, ज्वाळेवरून हात न नेता काढता येईल असं. खणांना खालून खाच पाडा म्हणजे ते जरा उचलूनच उघडतात, आणि पहिल्या फेरीला सगळे खण भरूनच निघा, बोट दोन्ही बाजूंना चांगली कलवून बघा, जो उघडला त्याची खाच अजून खोल करायची.