मृगाच्या तोंडावर खिसा रिकामा असेल तर

जून म्हणजे घरातून पैसा नुसता बाहेर जायचा महिना. पोरांच्या वह्या-पुस्तकं, बियाणं, खत, ट्रॅक्टरवाल्याची मागची बाकी. येणारा पैसा म्हणजे दुधाचा दहा दिवसांचा पगार, आणि चाळीत कांदा राहिला असेल तर तो. पुणे जिल्ह्याच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर पट्ट्यात बहुतेक घरांची ही गत असते. मग माणूस दिसेल तिथे कात्री लावतो आणि ती नेमकी भलत्याच ठिकाणी लागते. बीजप्रक्रियेचे, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला जे चोळायचं त्याचे, शे-दीडशे रुपये वाचवायचे आणि त्याच दुकानातून उधारीवर हजाराचं टॉनिक उचलायचं, असे हिशोब मी दरवर्षी बघतो.

पहिली बचत बियाण्याची. सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, म्हणजे परागीकरण त्याच फुलात होतं आणि वाण सहसा बदलत नाही. एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की त्याच्यापासून आलेलं बियाणं पुढे दोन-तीन वर्षं बिनधास्त वापरता येतं, दर साली नवी पिशवी लागत नाही. फक्त उगवण तपासा. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळायचा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाण्याचा हबका मारायचा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून मोजा. चांगली मुळी आणि कोंब आलेलेच दाणे धरा. नुसते फुगलेले किंवा बुरशी धरलेले सोडा. असे शंभराचे तीन नमुने लावून सरासरी काढा. 70 दाणे उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला साधारण अर्धा किलो वाढवा. 60 च्या खाली आलं तर ते बियाणं पेरू नका, सरळ धान्य म्हणून विकून टाका. आणि हो, पोती आपटू नका. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, ट्रॉलीतून फेकलेल्या पोत्याची उगवण तिथेच जाते.

पेरायच्या आधी दहा किलो बियाण्याला रायझोबियम (हवेतलं नत्र देणारं) आणि पीएसबी (स्फुरद मोकळं करणारं) ही जिवाणू खतं प्रत्येकी 250 ग्रॅम चोळा आणि सावलीत सुकवा. यात कंजुषी नको.

बियाणं विकतच घ्यावं लागलं तर पक्कं बिल मागा. उधारीवर घेतलं तरी मागा. पिशवी, टॅग आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत ठेवून द्या. उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे हेच तुमचे साक्षीदार. एका साली माझ्याकडे बिल नव्हतं. दुकानदार म्हणाला, “पिशवी माझ्याकडचीच कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याहून मोठा फटका मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतला होता. शेजाऱ्याने पेरलं म्हणून वळवाच्या सरीवर मीही पेरलं. नंतर अठरा दिवस आभाळ नुसतं येऊन जायचं. दाणा मातीतच कुजला आणि बियाणं, ट्रॅक्टर, मजुरी सगळं दुसऱ्यांदा घालावं लागलं. दुबार पेरणीएवढा महाग खर्च शेतीत दुसरा नाही. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय तिफण जुंपू नका. शेजारी काही म्हणो.

खताचं बघू. डीएपीची 50 किलोची गोणी 1350 रुपयांना मिळते आणि जूनमध्ये तिच्यासाठी रांगा लागतात. त्या गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असतं. तेवढंच सिंगल सुपर फॉस्फेटच्या जवळपास तीन गोण्या आणि 20 किलो युरियात मिळतं, वर गंधक मिळतं ते वेगळंच. सोयाबीन, भुईमुगासारख्या तेलबियांना गंधक लागतंच. ओढून न्यायला गोण्या जास्त, हे खरं. तरी दोन्हींचा हिशोब कागदावर मांडून मगच डीएपीच्या रांगेत उभे राहा. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना आहे. ती देताना दुकानदार दुसरी बाटली गळ्यात मारत असेल तर ते लिंकिंग बेकायदा आहे. कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करा. बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घेतली असेल, तर एखादं खत टाकायचीच गरज नाही असंही निघतं.

मावळ, मुळशी, भोरकडे भात. बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवा, दहा लिटरला 300 ग्रॅम मीठ. तरंगलेलं पोचट काढून टाका, खालचं बी दोनदा स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. लावणीला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, तेव्हा जुनी सावड पुन्हा धरा. चार घरांनी आज तुझं, उद्या माझं करून लावण्या उरकल्या की रोख मजुरी वाचते. दौंड, इंदापूरच्या ऊसवाल्यांना एकच सांगणं, पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवू नका. कुजलं की तेच खत आणि तेच आच्छादन.

आता कर्ज, कारण खरी गळती तिथे आहे. सावकाराचे 50,000 रुपये महिन्याला शेकडा तीनने आठ महिने ठेवले तर व्याजच 12,000 होतं. सोसायटीचं किंवा बँकेचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. मुदतीची तारीख सोसायटीच्या गटसचिवाला विचारून कॅलेंडरवर खूण करा. कर्जमाफीच्या चर्चेवर विसंबून थकबाकीत जाऊ नका. शून्य टक्के जातं, नवं कर्ज अडतं आणि मग सावकाराचा उंबरा चढावा लागतो. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 जानेवारी 2025 पासून आहे.

सावकाराकडे जाणं टळलंच नाही तर त्याचा परवाना बघा. परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारणावर 12 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जमिनीचं खरेदीखत करून पैसे देणाऱ्यापासून लांब राहा. अशी जमीन आधीच गेली असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. गेल्या 15 वर्षांतले व्यवहार त्यात येतात.

पीकविमा एक रुपयात मिळायचा, ते 2025 च्या खरिपापासून बंद झालं. आता खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबियांना विमा रकमेच्या 2 टक्के भरावे लागतात. घर एकाच पिकावर चालत असेल तर भरा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, मात्र विमा असो-नसो करा.

घरात दुभतं जनावर असेल तर ते विकणं शेवटी ठेवा. दहा दिवसांचा पगार तेच आणतं. आधी दारात गंजत पडलेली मोटार किंवा जुनी दुचाकी काढा. आणि बाकी किती आहे ते घरात बायकोला, मोठ्या पोराला सांगा. एकट्याने उरावर वागवू नका. झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील तर 14416 हा टेलिमानसचा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात. पिकाबद्दल विचारायला किसान कॉल सेंटर, 1800-180-1551.

एक काम मात्र याच महिन्यात होतं. बांधावरच्या कडुलिंबाखाली पिवळ्या निंबोळ्या पडायला लागल्यात. सकाळीच वेचा, गर धुऊन काढा आणि बिया सावलीत पसरा. उन्हात वाळवल्या तर त्यांचा गुण कमी होतो. खडखडीत वाळल्या की हवा खेळेल अशा गोणपाटाच्या पोत्यात भरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. ऑगस्टमध्ये सोयाबीनवर अळी दिसायला लागली की 5 किलो कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळून, 200 ग्रॅम साबणाचा चुरा घालून 100 लिटर करायचं आणि उन्हं कलल्यावर फवारायचं. आमच्याकडे वेचायचं काम आईकडे असतं. ती पोरांना पायलीमागे पाच रुपये देते, आणि पोरं पोतं भरून आणतात.