नागपूरला निघण्याआधी: आमदारांच्या पीएची बॅग

आमदारांचे पीए म्हणून पहिल्यांदाच हिवाळी अधिवेशनाला निघाला असाल, तर स्वेटर, कानटोपी आणि पासासाठी फोटो घ्या, हे तुम्हाला कुणीही सांगेल. १६० गाळ्यात, म्हणजे अधिवेशनातल्या मुक्कामाच्या खोल्यांत, पहाटे हुडहुडी भरते, तेवढं लक्षात ठेवा. आता कामाचं.

पहिली फाइल तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्यांची. हे प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी गेलेले असतात, त्यामुळे आता नवीन काही घुसवता येत नाही. पण आपला कोणता प्रश्न स्वीकृत झाला, कोणत्या दिवशी आला आणि यादीत कितवा आहे, हे साहेबांनी विचारायच्या आत तुम्हाला ठाऊक हवं. प्रश्नोत्तरांचा तास एकच असतो. खूप खालचा नंबर असेल तर प्रश्न पुकारलाच जात नाही, छापील उत्तरावर भागवावं लागतं. पहिल्या चार-पाचांत असेल तर आदल्या रात्री झोप विसरा.

उत्तरांची यादी हाती पडली की ती संशयाने वाचा. आपल्या प्रश्नांचा साचा ठरलेला: ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तराचाही साचा ठरलेला. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हटलं की खालच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. एका वर्षी मीच मसुदा केला होता: अमुक गावाची नळयोजना बंद आहे, हे खरे आहे काय? उत्तर आलं, हे खरे नाही. आणि ते खोटं म्हणता येईना, कारण आठवड्यातून एकदा वीस मिनिटं पंप चालत होता. गावातल्या बाया हंडे घेऊन विहिरीवर, आणि योजना चालू! तेव्हापासून मी ‘बंद आहे काय’ विचारत नाही. मागच्या महिन्यात किती दिवस पाणी सोडलं, किती वेळ, आणि ठेकेदाराला अंतिम देयक कोणत्या तारखेला दिलं, असं विचारतो. याला ‘नाही’ म्हणून सुटका नसते.

सरकार अडकतं ते बहुतेक वेळा उपप्रश्नात, म्हणजे उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेल्या पुढच्या प्रश्नात. म्हणून प्रत्येक प्रश्नामागे अर्ध्या पानाची चिठ्ठी करा, मोठ्या अक्षरात, दोनच उपप्रश्न. भाषण लिहून देऊ नका. साहेब ते वाचत बसतात आणि तोवर अध्यक्ष पुढचा प्रश्न पुकारतात. चिठ्ठीला कार्यारंभ आदेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेला आदेश) आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) त्या पानाची झेरॉक्स टाचा. फोटोवर तारीख हवी. बिनतारखेचा फोटो मंत्री ‘जुना आहे’ म्हणून एका वाक्यात उडवतात.

बॅगेत राज्याचा वार्षिक आर्थिक पाहणी अहवाल असू द्या, जड असला तरी. तो सरकारचाच कागद, म्हणून सरकारला नाकारता येत नाही. दहा वर्षांत सिंचनक्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचा आकडा २०११-१२च्या पाहणीतूनच बाहेर आला, त्यावरून रान पेटलं आणि नोव्हेंबर २०१२मध्ये सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका, म्हणजे सगळी स्थिती मांडणारं अधिकृत निवेदन, काढावी लागली.

लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी नियम १०५ची सूचना, एकाच आणि ताज्या विषयावर द्या. पाच मागण्यांची मोट बांधलीत तर ती अध्यक्षांच्या दालनातच गळते. पुरवणी मागण्यांचं, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेर सरकार मागत असलेल्या जादा खर्चाचं, पुस्तक मिळालं की आपल्या जिल्ह्याच्या बाबींवर खुणा करा. कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असं सुचवणाऱ्या सूचना, मंजूर होत नाहीत, हे खरंच. पण त्या निमित्ताने खात्याचं नाव घेऊन बोलायला मिळतं.

एक वही फक्त आश्वासनांची ठेवा. मंत्री सभागृहात ‘तीस दिवसांत चौकशी करू’ म्हणाले की तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहा आणि कार्यवाहीच्या प्रतीशी ताडून पाहा. ‘करू’ आणि ‘तपासून पाहू’ यांत फार अंतर आहे. पहिलं, दिलेली आश्वासनं पाळली का हे पाहणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे नेता येतं, दुसऱ्याचा वाद घालावा लागतो. पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न याच वहीतून निघतो, म्हणून ती गाळ्यात विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.

परतीचं तिकीट मात्र शेवटच्या दिवशी दुपारचं काढू नका. कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल बऱ्याचदा त्याच दिवशी सभागृहाच्या पटलावर येतात, सगळे घाईत असताना. चर्चा होत नाही, पुढे ते आमदारांच्या लोकलेखा समितीकडे तपासायला जातात. रात्रीच्या गाडीने निघा, गठ्ठा सोबत घ्या आणि वर्धा येईपर्यंत निदान आपल्या जिल्ह्याचा परिच्छेद शोधून ठेवा.