सिगार लाउंजच्या नोकरीत लागणाऱ्या नव्या मुलांसाठी: एस्तेलीच्या कारखान्यात काय शिकायचं

हॉटेल मॅनेजमेंट करून दुबई, दोहा नाहीतर क्रूझवर सिगार लाउंजला लागलेली मुलं मला विचारतात, दादा ब्रँडची लिस्ट पाठव ना, पाठ करून टाकतो. लिस्टने काही होत नाही रे. ब्रँड गेस्टला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. तो तुम्हाला परत बोलावतो ते हे सांगायला की ओढलीच जात नाहीये, किंवा एका बाजूने जळत चाललीय, किंवा कडू लागतेय, आणि तेव्हा तुम्हाला कळायला पाहिजे की ही गडबड कारखान्यातल्या कुठल्या टेबलावर झाली की आपल्याच ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगारचा ओलावा टिकवणाऱ्या पेटीत झाली. हे पुस्तकातून येत नाही. मला ते थोडंफार आलं कारण कंपनीने निकाराग्वाला, एस्तेलीला ट्रेनिंगला पाठवलं. कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्याने तसाही फरक पडत नाही.

एस्तेली म्हणजे देशाच्या उत्तरेला, डोंगरात, पॅन-अमेरिकन हायवेवरचं गाव. क्युबात 1959 ची क्रांती झाली, मग 1962 ला अमेरिकेने व्यापारबंदी घातली, तेव्हा तिकडून निघालेले तंबाखूवाले लोक इकडची जमीन बघून थांबले आणि बियाणं लावलं, तिथून हे सगळं सुरू झालं. आता गावात कारखानेच कारखाने आहेत आणि सकाळी रस्त्यावर सुद्धा तंबाखूचा वास येतो.

पहिल्या दिवशी सगळ्यांना थेट वळायच्या हॉलमध्ये जायचं असतं, पण तुम्हाला आधी पानांकडे पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. आंबवायच्या खोलीत पानांच्या माणसाएवढ्या उंच थप्प्या असतात, त्याला पिलोन म्हणतात, आत थर्मामीटर खुपसलेला असतो आणि ठराविक गरमी झाली की अख्खी थप्पी मोडून आतलं बाहेर, बाहेरचं आत असं परत रचतात. अमोनिया एवढा असतो की डोळ्यातून पाणी येतं. इथे एकच गोष्ट डोक्यात पक्की करा: झाडाच्या शेंड्याकडचं पान लिहेरो, जाड, कडक आणि हळू जळणारं, मधलं विसो, त्याच्या खालचं सेको, जे सौम्य असतं आणि पटकन जळतं. पुढच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर या तीन पानांत आहे.

मग पानाला पाण्याचा बारीक फवारा मारून मऊ करतात, मधली शीर काढतात आणि डावा अर्धा आणि उजवा अर्धा वेगळा ठेवतात. मला सुरुवातीला वाटलं की ही उगाच शिस्त आहे. पण रॅपरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पानाच्या, शिरा सिगारच्या लांबीला धरून जायला पाहिजेत आणि पानाची खालची बाजू आत लपली पाहिजे, म्हणून डावा अर्धा एका दिशेने गुंडाळला जातो आणि उजवा उलट दिशेने. अर्धे मिसळले तर वळणाऱ्या बाईचा हात प्रत्येक वेळी अडखळणार.

वळायचा हॉल मोठा असतो, शाळेसारखी टेबलांची रांग. क्युबात साधारण एकच माणूस आतलं भरतोही आणि वरचं पानही चढवतो, एस्तेलीत जोडी असते. बोंचेरो म्हणजे आतला गठ्ठा बांधणारा, बहुतेक पुरुष, आणि रोलेरा म्हणजे रॅपर चढवणारी बाई. एक जोडी दिवसाला तीनशेच्या आसपास काढते, साइझप्रमाणे कमीजास्त. पैसे नगावर. ज्यांनी सिन्नर-संगमनेरकडे घरात विड्या वळताना बघितल्यात त्यांना हे लगेच कळेल, तिथे हजारी आणि छाट, इथे जोडीचा आकडा आणि परत आलेला माल, दोन्हीकडे तपासणाऱ्याचा मूड काय आहे यावर संध्याकाळ ठरते.

बोंचेरोकडे नीट बघा, सगळं गुपित त्याच्याकडे असतं आणि फोटो मात्र सगळे रोलेराचे काढतात. तो फिलरची, म्हणजे आत भरायची, पानं हातात एकेक घेतो, सैल घड्या घालतो किंवा प्रत्येक पानाची नळी करतो म्हणजे मधून हवेला वाट राहते, आणि लिहेरो बरोबर मध्ये ठेवतो. मग बाहेरून बाइंडरचं, म्हणजे गठ्ठा धरून ठेवणारं, पान. पानं नुसती पुस्तकासारखी एकावर एक दुमडली तर काम पटकन होतं पण हवा एका बाजूनेच जाते. तयार गठ्ठा दहा खाचांच्या साच्यात जातो, साचे एकावर एक रचून प्रेसमध्ये, आणि अर्ध्या-पाऊण तासाने गठ्ठा खाचेत थोडा फिरवून परत दाबतात, नाहीतर दोन बाजूंना साच्याची शिवण उठते.

प्रेसमधून निघाला की ड्रॉ मशीन. साधं यंत्र आहे, गठ्ठा एका नळीत अडकवायचा, ते हवा ओढतं आणि काटा किती अडथळा आहे ते दाखवतो. काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर पुढे, नाहीतर बोंचेरोकडे परत, तो उघडून पानं परत बांधतो. ही तपासणी रॅपर चढायच्या आधी होते हे लक्षात घ्या, कारण रॅपर हे सगळ्यात महागडं पान आणि एकदा चिकटवलं की ते वाया गेलंच समजा.

रोलेराचं हत्यार म्हणजे चावेता, मूठ नसलेलं अर्धगोल पातं. तिने पानाची कड कापली की शिरेचा जाड भाग गेला, मग पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून, सुरू करून तिरकं तिरकं ताणत डोक्यापर्यंत, म्हणजे तोंडात धरायच्या टोकापर्यंत. ताण कमी पडला तर सुरकुती, जास्त झाला तर पान फाटलं. शेवटी पानाच्याच तुकड्याची टोपी, बिनचवीच्या वनस्पतीच्या डिंकाने चिकटवलेली. मला बसवलं होतं त्या टेबलवरच्या डोन्या, म्हणजे आपल्याकडच्या मावशीच म्हणा, तोंडाने काही शिकवायच्या नाहीत, फक्त माझ्या बोटांवर हात ठेवून ताण दाखवायच्या. तुम्हालाही असंच शिकवतील, तेव्हा वहीपेन बाजूला ठेवा.

आता मुख्य भाग, चेकिंग. लोकांना वाटतं चेकिंग म्हणजे शेवटी बसलेला एक माणूस. खरं तर तो माणूस फक्त खात्री करतो. तो जुडी उचलतो, तराजूवर टाकतो, वजन ठरलेल्या हद्दीत नसेल तर भरण कमीजास्त झालंय हे न उघडता कळतं. मग भोकं असलेल्या पट्टीतून जाडी. सिगारची जाडी इंचाच्या 64 व्या भागात मोजतात, म्हणजे 50 ची म्हणजे 50 भागिले 64 इंच, जवळपास 20 मिलीमीटर. मग अंगठा आणि बोट यांच्यात पायापासून डोक्यापर्यंत हलकं दाबत जायचं. आणि अधूनमधून एखादी चांगली दिसणारी सिगार उचलून सरळ मधून चिरायची आणि लिहेरो कुठे आहे ते बघायचं. बोंचेरोच्या समोर. त्या वेळी टेबलावरच्या गप्पा बंद होतात.

तुम्हाला लाउंजमध्ये यातलं काय वापरायचंय तर बोटाने दाबणं आणि पायाकडून बघणं. दाबताना एखाद्या ठिकाणी गाठ लागली तर तिथे पानं पिळली गेलीत, ओढताना अडणार. एका ठिकाणी पोकळ लागलं तर तिथे भरण कमी, तिथे गरम आणि कडू होणार. एका बाजूने जळतेय तर लिहेरो बाजूला सरकलेलं असू शकतं, पण थांबा, आधी गेस्टच्या डोक्यावरचा एसी बघा आणि पेटवताना गोल फिरवून पेटवली होती का ते आठवा, निम्म्या वेळा कारखान्याचा काही दोष नसतो. ओढताना घट्ट लागतेय आणि दाबली तर सगळीकडे सारखीच स्पंजासारखी, तर ती ओली आहे, तुमचा ह्युमिडॉर बघा, ओलावा 65 ते 70 टक्क्यांच्या वर गेला असेल. रॅपर तडकलं तर उलटं, कोरड्या एसीत उघडी पडली होती. आणि टाचणीने पाडल्यासारखी बारीक गोल भोकं दिसली तर ती ट्रे लगेच वेगळी करा आणि मॅनेजरला बोलवा, तो किडा आहे.

हा किडा आपल्या घरात पण असतो बरं का, जुन्या हळदीत, धण्यात, मिरचीत जो बारीक तपकिरी भुंगा होतो तोच. अंडी पानातच असतात आणि उकाड्यात फुटतात. म्हणून कारखान्यात माल बाहेर जायच्या आधी काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवतात आणि मग हळूहळू नेहमीच्या तापमानाला आणतात, एकदम बाहेर काढलं तर रॅपर फुटतं. तुमच्याकडे पार्सल आलं तरी घाईने उघडून मांडू नका.

फ्रीझरच्या आधी मुरवायची खोली, तिथे लाकडी फळ्यांवर सिगार महिनोन्‌महिने पडून असतात. ते लाकूड ज्याला सगळे स्पॅनिश सीडर म्हणतात ते सीडर नाहीच, ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे. गेस्टला सांगायला बरी माहिती आहे. त्यानंतर रंग जुळवणं, म्हणजे एका खोक्यातल्या सगळ्या सिगारी एकाच छटेच्या, गडद डावीकडून उजवीकडे फिकट अशा. हे काम करणाऱ्या बायकांची नजर बघून मी गप्प झालो, मला सगळ्या एकाच रंगाच्या दिसत होत्या.

जायच्या आधी थोडं: कामापुरती स्पॅनिश शिकून जा, इंग्लिश फक्त ऑफिसमध्ये चालते. नखं कापा, परफ्युम लावू नका, पान वास धरतं आणि सुपरवायझर सरळ बाहेर काढतो. रिकाम्या पोटी पिलोनच्या खोलीत जाऊ नका, चक्कर येते. हवानात 1865 पासून कारखान्यात पेपर आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत आहे, ते ऐकायच्या आशेने एस्तेलीला जाऊ नका, मी होतो तिथे दिवसभर रेडिओ आणि मोठ्या आवाजात.

घरचे एक विचारणारच, की तू पण ओढतोस का. चव कळायला थोडे झुरके घ्यावे लागतात, पण धूर आत घेतला नाही म्हणजे सुरक्षित असं जे लाउंजमध्ये सर्रास बोललं जातं ते खोटं आहे, तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर सिगारने होतो. गेस्टला हे उलटं सांगू नका, विकायचं असलं तरी.

इंटरव्ह्यूत बहुतेक वेळा हातात एक सिगार देतात आणि काय दिसतं ते सांग म्हणतात. सगळे आधी नाकाला लावतात. तुम्ही आधी पाय वर करून बघा, मधली पानं गडद आहेत का आणि घड्यांमध्ये बारीक फटी दिसतात का, मग दाबा, मग टोपीची कड बघा, वास सगळ्यात शेवटी.