कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज: तो कुठे अडतो आणि पुढे कसा न्यायचा

मारहाण झाली की आधी सरकारी दवाखान्यात जा. ‘पडले’ असं सांगू नका. कोणी आणि कशाने मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या. वळ चार दिवसांत जातात, केसपेपर राहतो.

पोलीस ठाण्यात बऱ्याचदा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घरी पाठवतात. तिची प्रत घ्या, पण तिथेच थांबू नका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करायला एफआयआर लागत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्यासाठी नेमलेला अधिकारी) घरगुती घटना अहवाल, म्हणजे झालेल्या हिंसेची लेखी नोंद, भरा. अर्ज कमजोर होतो तो इथेच. ‘नेहमी छळ करतात’ या वाक्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तारीख, जागा, काय घडलं, कोणी पाहिलं, हे एकेका प्रसंगाचं लिहा. पगाराचं एटीएम कार्ड काढून घेतलं, स्वयंपाकघराला कुलूप लावलं, तेही लिहा. आर्थिक छळही कायद्यात हिंसाच आहे.

मग याच कायद्याच्या कलम १२ खाली संरक्षण मागण्याचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. माहेरी राहत असाल तर तिथल्या न्यायालयातही चालतो. विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. पण नोटीसच बजावली जात नाही आणि तारखा पडत राहतात, हे संतापजनक आहे. म्हणून नवऱ्याच्या घराबरोबर कामाचा पत्ताही द्या, आणि कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश पहिल्याच दिवशी मागा.

हिंसा करू नये असा न्यायालयाचा संरक्षण आदेश नवऱ्याने मोडला, तर कलम ३१ खाली गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. आदेशाची प्रत न्यायालयातून मोफत मिळते. ती घेऊनच ठाण्यात जा.