एसीसीडीई पाठवण्याआधी: ऑफिस किती बिटचं, विंडोज नव्हे

मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधलं पहिलं ॲप्लिकेशन पुरं झालं की हात शिवशिवतात: एसीसीडीई (वाटपासाठीची बंद फाइल) करायची आणि क्लायंटला देऊन मोकळं व्हायचं. द्या, पण एसीसीडीई म्हणजे कुलूप लावलेली एसीसीडीबी (ॲक्सेसची नेहमीची, बदलता येणारी फाइल) नव्हे. तिच्यातला व्हीबीएचा (ऑफिसच्या प्रोग्रॅमिंग भाषेचा) सोर्स, म्हणजे आपण लिहिलेला मजकूर, काढून टाकलेला असतो, उरतो नुसता कंपाइल केलेला, म्हणजे मशीनसाठी रूपांतरित, कोड. एसीसीडीबी दुसऱ्या ॲक्सेसमध्ये उघडली तर सोर्सवरून कोड पुन्हा कंपाइल होतो. एसीसीडीईत सोर्सच नाही, मग होणार कशावरून?

म्हणून ३२-बिट ॲक्सेसमध्ये केलेली एसीसीडीई ६४-बिटमध्ये उघडत नाही. उलटही तेच. नवखे अडकतात ते इथेच. क्लायंटला विचारायचं, "किती बिटचं आहे?" तो विंडोजच्या सेटिंग्जमध्ये बघून सांगतो, "६४". पण ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ऑफिस मजेत चालतं, आणि आपल्याला हवं असतं ऑफिसचं उत्तर. एक्सेल उघडायला लावा: फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल. आवृत्तीच्या ओळीत बिट लिहिलेले असतात. फोनवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका, स्क्रीनशॉट मागवा. प्रत्येक मशीनचा मागवा, एकाचा नव्हे. ऑफिस २०१९पासून इन्स्टॉलर आपणहून ६४-बिट टाकतो, त्यामुळे कालपर्यंत चालणारी फाइल नव्या लॅपटॉपवर अडते. घाबरू नका, डेटा शाबूत असतो. त्याच एसीसीडीबीवरून ६४-बिट ॲक्सेसमध्ये दुसरी एसीसीडीई काढायची, एवढंच. रनटाइम (ॲक्सेस नसलेल्या मशीनवर ॲप चालवणारी आवृत्ती) देत असाल तर तोही मशीनवरच्या ऑफिसच्याच बिटचा हवा.

एवढंच, पण कोडमध्ये विंडोज एपीआयचे डिक्लेअर (विंडोजची फंक्शन्स वापरण्यासाठी लिहिलेल्या ओळी) नसतील तर. असतील तर सीनियर सांगतात, "त्या ओळींत सगळीकडे पीटीआरसेफ हा शब्द चिकटव." हा सल्ला अर्धवट आहे. पीटीआरसेफ म्हणजे 'हे मी तपासलंय' अशी तुमची नुसती सही. हँडल आणि पॉइंटर (विंडोजमधल्या गोष्टींचे क्रमांक आणि मेमरीतले पत्ते) लाँग या प्रकारातून लाँगपीटीआर या प्रकारात तुम्हालाच बदलावे लागतात. नाही बदलले तरी कोड बहुधा गुपचूप कंपाइल होतो आणि चालताना ॲक्सेस कोसळू शकतं. शिवाय विन६४च्या अटीखालचा (फक्त ६४-बिटसाठी लिहिलेला) कोड ३२-बिट ॲक्सेस तपासतच नाही, तेव्हा डिबग मेनूतलं कंपाइल ३२ आणि ६४ दोन्हीकडे करा.

आवृत्तीचा नियम सोपा: क्लायंटकडे सगळ्यांत जुनं जे ॲक्सेस असेल त्यात एसीसीडीई बनवा. २०१६मध्ये केलेली २०१०वर चालेल या आशेवर राहू नका. त्यातही एक्सेल लायब्ररीचा रेफरन्स (कोडमधून एक्सेल वापरण्यासाठी केलेली जोडणी) छळतो. २०१०मध्ये तो १४.० असतो. फाइल २०१६वर उघडून काम केलंत की १६.० होतो, आणि २०१०वर परत नेली की यादीत 'मिसिंग'. एसीसीडीबीत तो खूण काढून बदलता येतो, एसीसीडीईत नाही. त्यापेक्षा रेफरन्स काढून टाका, क्रिएटऑब्जेक्टने लेट बाइंडिंग करा, म्हणजे एक्सेलशी जोडणी कोड चालतानाच होऊ द्या. टाइप करताना सूचना येत नाहीत, एक्सएलअप सारखे स्थिरांक आकड्यांत लिहावे लागतात (उणे ४१६२). कटकट आहे, पण परवडते.

फाइल दुभंगलेली हवीच: फॉर्म आणि कोड फ्रंट-एंड एसीसीडीईत, टेबलं बॅक-एंड एसीसीडीबीत. बॅक-एंडमध्ये मात्र 'लार्ज नंबर' (फार मोठ्या आकड्यांसाठीचा) प्रकारचं फील्ड सहज म्हणून टाकू नका. ते टाकलं की जुनं ॲक्सेस ती फाइलच उघडत नाही, आणि नंतर फील्ड काढून टाकलं तरी फाइल पूर्वीसारखी होत नाही. नवा रिकामा डेटाबेस करून टेबलं त्यात इंपोर्ट करावी लागतात.